टाऊन हॉल १:१०० आणि तुंबलेल्या गोंदाच्या सुया

रविवार, ८ जून

मॉडेल कोल्हापूरच्या टाऊन हॉलचं, माप १:१००. भिंती १ मिमीच्या हिप्स शीटच्या म्हणजे पॉलिस्टायरीनच्या, खिडक्यांच्या चौकटी अर्ध्या मिमीच्या, कठडे पितळी तारेचे, पुढची बाग रंगवलेल्या भुशाची. ही इमारत १८७२ ते ७६ मधली, नकाशे चार्ल्स मँटचे. टोकदार कमानी, उंच निमुळती छपरं, त्यामुळे जोड बारीक आणि पुष्कळ. त्यातला बहुतेक प्रत्येक जोड समोरून दिसतो. गोंद सुईनंच लावावा लागतो, ब्रशला इथं थारा नाही.

मार्चअखेरीपासून हात लावला नव्हता. आधी कंपनीत वर्षअखेरीची गडबड, मग जोतिबाची यात्रा, मग उन्हाळा. आज बसलो तर फळीवरच्या सगळ्याच बाटल्या बंद. सुईवाली घट्ट सिमेंटची, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या गोंदाची बाटली, सुपरग्लू, बागेसाठीचा पांढरा गोंद, सगळ्यांची तोंडं बुजलेली. पातळ सिमेंट तेवढं ठीक होतं, कारण त्याच्या झाकणाला ब्रश असतो.

सुरुवात घट्ट सिमेंटपासून. भाचा मदतीला होता. "मामा, दाबू का जोरानं?" आणि मी हो म्हणेपर्यंत त्यानं दाबलीसुद्धा. सुई प्लॅस्टिकच्या टोपीतून सुटून थेट कपाटाखाली, आणि सिमेंटची धार पुढच्या भिंतीवर, तीन कमानींच्या बरोबर मधे. भाच्यानं लगेच फडकं फिरवलं. त्यानं होतं ते नव्हतं झालं.

हे सिमेंट शीटचा वरचा थर विरघळवतं. पुसायला गेलं की विरघळलेला थर फरफटत पसरतो आणि कडा गोल होतात. सांडलं तर हात न लावता तसंच सोडायचं, दुसऱ्या दिवशी कडक झाल्यावर पॉलिश पेपरनं उतरवायचं. ती भिंत टाकून दिली. संध्याकाळभराचं कापकाम गेलं.

तुंबलेली बाटली जोरात दाबायची नाही, ही पहिली नोंद.

मंगळवार, १० जून

सुई कपाटाखालून मिळाली. मायक्रोमीटरनं बाहेरून ०.७ मिमीच्या आसपास भरली, म्हणजे इंजेक्शनच्या २२ गेजच्या सुईएवढी. आतलं भोक साधारण ०.४ मिमी. घरातली टाचणी मापली तर ०.६. टाचणी आत शिरणारच नाही, फक्त तिचं टोक सुईच्या तोंडात अडकतं आणि तोंड पसरट करतं. उजेडात धरून पाहिलं तर मागच्या कधीतरीच्या टाचणीचा ओरखडा तोंडावर आहेच.

बूच कुठं आहे ते पाहायला सुई टेबल लॅम्पसमोर धरून मागून शिवणाचा दोरा घातला. दोरा जवळजवळ पूर्ण गेला, टोकाशी चार-पाच मिलिमीटरवर अडला. म्हणजे बुजलंय ते फक्त टोक. यात नवल नाही. सिमेंटमध्ये ब्युटिल ॲसिटेटसारखं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव असतं आणि घट्टपणासाठी त्यातच थोडं पॉलिस्टायरीन विरघळवलेलं असतं. टोकाला हवा लागते, सॉल्व्हंट उडून जातं, मागे राहतं ते निखळ प्लॅस्टिक. बाटलीतलं सिमेंट मात्र छान पातळ असतं. बाटली फेकून द्यायचं काही कारण नाही.

आमच्या टूलरूममध्ये वायरकटची, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशिनची वापरलेली पितळी तार किलोवारी स्क्रॅपला जाते, ०.२५ मिमीची. वीतभर खिशात टाकून आणली. मापानं अगदी बसते, पण एकदा मशिनमधून जाऊन आलेली तार खडबडीत आणि मऊ. बुचाला टेकली की चुण्या पडून गोळा होते. टोकाकडून ढकललं तर बूच आणखी घट्ट बसतं, हेही लक्षात आलं. सुई टोपीतून काढलेलीच होती, म्हणून मागच्या बाजूनं टोकाकडे ढकलून पाहिलं. थोडा चुरा बाहेर आला, वाट काही झाली नाही.

तार फेकली नाही. उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत राहून कुठलं स्क्रॅप फेकवत नाही.

गुरुवार, १२ जून

लायटरचा उपाय सगळेच सांगतात. गुजरीत ओळखीचे एक सोनारकाका आहेत, बारीक कामाची सगळी हत्यारं त्यांच्याकडे. सुई घेऊन त्यांच्याकडेच गेलो. बाटली मुद्दाम घरी ठेवली. ब्युटिल ॲसिटेटची वाफ २२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे कोल्हापुरात बाराही महिने. बाटलीला लावलेली सुई लायटरवर धरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं नशीब चांगलं एवढंच म्हणेन.

काकांनी चिमट्यात सुई धरली, टोक ज्योतीच्या कडेला नेलं. चर्र झालं, टोकावर पिवळी ज्योत उठली आणि काळ्या काजळीचा धागा वर गेला. पॉलिस्टायरीन जळतं ते असंच. मी म्हटलं, "अजून धरा की, लाल होऊ दे."

"येडा हैस का? लाल केलीस तर मऊ पडंल, दाबली की वाकंल. नुस्ता ताव द्यायचा आन् फुकायचं."

त्यांनी बाजूला घेतली आणि मागच्या तोंडातून बारीक नळीनं फुंकर मारली. टोकातून तपकिरी थेंब निघाला, वाट झाली. पाच मिनिटांचं काम. दुसरी एक जुनी सुई होती, ती प्लॅस्टिकच्या टोपीसकट तापवून पाहिली. स्टीलमधून उष्णता मागे गेली, टोपीचा गळा लवला आणि आता ती सुई बुडाशी हलते. दाबली की सिमेंट टोकातून न येता गळ्यातून येतं. ती टोपी कामातून गेली. तापवायची असेल तर सुई आधी टोपीतून काढायची, निघत नसेल तर तापवायची नाही.

घरी येऊन मोकळी झालेली सुई टोपीत दाबून बसवली, गळ्याशी दोन घटकांच्या इपॉक्सीचा पातळ पट्टा दिला, रात्रभर ठेवली.

रविवार, १५ जून

काकांच्या सुईतून सकाळी सिमेंट छान आलं. एक भिंत लागली. दुपारी जेवून येईपर्यंत पुन्हा बंद.

झाकण लावून गेलो होतो, तरी. म्हणून सुई काढून मागून उजेडात पाहिली. भोकाच्या आत काजळीचा थर आहे, आणि खडबडीत काजळीला सिमेंट धरून बसतं. तापवल्यानं बूच जातं, पण नळी गुळगुळीत राहत नाही. दर वेळी तापवलं की पुढचं तुंबणं अलीकडे येतं. तेव्हा तापवणं हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे जे सुकलंय ते पुन्हा विरघळवणं.

लक्ष्मीपुरीतून रंग पातळ करायचा एनसी थिनर आणला, अर्धा लिटर, शंभराच्या आसपास. आधी घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर वापरून झालं होतं. त्यात तेल आणि पाणी मिसळलेलं निघालं, बूच नुसतं बुळबुळीत झालं. थिनर काचेच्या बुटक्या बाटलीत दोन बोटं घेतला, सुया त्यात आडव्या टाकल्या, पत्र्याचं झाकण लावलं आणि बाटली गॅलरीत ठेवली. घरात नाही. याचा वास डोक्यात भिनतो, आणि स्वयंपाकघर पलीकडच्याच भिंतीला.

प्लॅस्टिकच्या डबीत थिनर ओतू नका. त्यातही दही मिळतं तसल्या पारदर्शक कडक डब्या पॉलिस्टायरीनच्या असू शकतात. तळ सुटून सगळं टेबलावर येईल, आणि टेबलावर मॉडेल असेल.

सोमवार, १६ जून

रात्रभरात बूच साबुदाण्याच्या खिरीसारखं झालं होतं. कामावर जायच्या आधी इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये थिनर भरून सुईच्या मागून सोडला. पहिल्या दाबाला काही नाही, मग एक लांबट जेली बाहेर पडली आणि मागोमाग स्वच्छ धार. चष्मा घालून करा. धार कुठं उडेल याचा नेम नसतो.

काजळीवाली सुई एवढ्यानं सुधारली नाही. काजळी थिनरमध्ये विरघळत नाही, ती घासूनच काढावी लागते. त्यासाठी तारच हवी, आणि तीही पोलादी.

बुधवार, १८ जून

तार मिळाली ती वाद्यांच्या दुकानात. सतारीच्या चिकारीची पोलादी तार, मायक्रोमीटरवर ०.२३ मिमी. सतारींसाठी नावाजलेलं मिरज जवळ असल्याचा हा एक फायदा, सतारीची तार इथं कुणाला नवलाची वाटत नाही. गिटारची सगळ्यात पातळ तारही याच मापाची असते, ९ नंबर म्हणून मागायची, ती ०.००९ इंच भरते. ०.४ च्या भोकात ०.२३ ची तार सैल जाते, बाजूनं चुरा निघायला जागा राहते आणि ढकलली तरी चुण्या पडत नाहीत. भोकाएवढीच जाड तार घेतली तर ती स्वतःच बूच होते.

तार कटरनं तोडली की टोकाला चपटी धार येते आणि ती सुईच्या आत ओरखडे काढते. म्हणून ६०० च्या पॉलिश पेपरवर बोटांत फिरवत टोक गोल केलं. दुसऱ्या टोकाला भाच्याच्या बहिणीच्या तुटक्या माळेतला मणी इपॉक्सीनं बसवला, धरायला. थिनरमध्ये बुडवून आतबाहेर, फिरवत. काजळीचं काळं पाणी निघत राहिलं. कधी थांबायचं ते तारच सांगते, खरखर हाताला लागायची बंद होते.

काकांकडे अल्ट्रासोनिकची टाकी आहे, दागिने धुवायची. तिच्यात थिनर घालून सुया टाकू या, असं सुचवून पाहिलं.

"माझ्या दुकानात थिनरचं नावबी काढू नगंस. ती टाकी गरम होती, वाफ धरती, आन् शेजारी माझी भट्टी."

बरोबर होतं त्यांचं. साबणाच्या कोमट पाण्यात मात्र त्यांनी सुया फिरवून दिल्या, तारेनं सुटलेली उरलीसुरली काजळी निघाली. सुकलेल्या पॉलिस्टायरीनवर साबणपाण्याचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे ही पायरी फक्त जळक्या सुईसाठी.

रविवार, २२ जून

आज दिवसभर एकाच सुईवर काम झालं आणि ती एकदाही बंद पडली नाही. मागचे उजवीकडचे दोन कोपरे आणि पोर्चचे खांब लागले. काय बदललं ते लिहून ठेवतो, कारण या सगळ्या खटाटोपात कामाचं हेच निघालं.

एक ओळ लावून झाली की बाटली उभी धरायची, सुई वर, आणि दाब सोडायचा. बाटली फुगून पूर्ववत होते तेव्हा सुईतलं सिमेंट मागे ओढलं जातं आणि सुईत हवा येते. बुडावर बोटानं दोन टिचक्या. मग टोक पुसून झाकण. सुईत सिमेंटच नसेल तर सुकणार काय? मी आजवर उलटं करत होतो. ओळ संपली की बाटली आडवी टाकायची, सुई भरलेलीच. काही जण बाटली कायम सुई खाली करून ठेवतात, टोक ओलं राहावं म्हणून. झाकण अगदी घट्ट बसत असेल तर तेही चालत असेल, पण माझ्या बाटलीचं झाकण तसं नाही. सकाळी झाकणात थेंब साठलेला असतो आणि दुपारी त्याचा खडा होतो.

दुसरी गोष्ट टेबल लॅम्पची. बाटली उभी, सुई रिकामी करून ठेवलेली, तरी थोड्या वेळानं टोकावर थेंब. जुना पिवळा बल्ब बाटलीपासून वीतभरावर होता. बाटलीतली हवा तापून फुगते आणि गळ्याशी चिकटून राहिलेलं सिमेंट वर ढकलते. अर्धी रिकामी बाटली जास्त थुंकते, कारण तिच्यात हवा जास्त. मुठीत बराच वेळ धरली तरी हेच होतं. आता बाटली लॅम्पच्या पलीकडे, लाकडाच्या ठोकळ्यात भोक पाडून त्यात उभी.

ती मणीवाली तार रात्रभर बाटलीच्या सुईतच ठेवून पाहिली, बुचासारखी. दुसऱ्या दिवशी पिळून काढली तर सहज निघाली. पण जास्त वेळ तशीच राहिलेली एक तार चिकटून बसली, तिला पुन्हा थिनरची अंघोळ घालावी लागली. रोज काम असेल तर तार ठेवावी. खंड पडणार असेल तर सुई काढून थिनरच्या बाटलीत, आणि बाटलीच्या तोंडाला सुईशिवायची टोपी.

रविवार, २९ जून

पातळ सिमेंटसाठी सिरिंजचा प्रयोग. छपराच्या आतून लांब जोड आहेत, तिथं ब्रश पोचत नाही. औषधाच्या दुकानातून २ मिलीची सिरिंज आणि २४ गेजची जांभळी सुई आणली. सुईचं तिरकं टोक आधी तेलदगडावर सपाट घासलं, घरात मुलं असतात. पहिला जोड अप्रतिम लागला. थेंब टेकवला की सिमेंट आपोआप फटीत धावतं.

थोड्या वेळात दट्ट्या हलेना. सुई बुजली असं वाटून तार घातली, सुई मोकळीच. अडलं होतं ते मागे. दट्ट्याच्या टोकाचं काळं रबर सॉल्व्हंट पिऊन फुगलं होतं आणि नळीत रुतलं होतं. जोर केला असता तर पहिल्या दिवसाचाच प्रकार, तोही छपराच्या आत.

रबर नसलेली, नळी आणि दट्ट्या दोन्ही प्लॅस्टिकचे अशी दोन तुकड्यांची सिरिंज मिळते, ती आणली. पॉलिप्रॉपिलीनला हे सिमेंट फारसं बाधत नाही. तरी सिरिंज ही काम चालू असेपर्यंतच, तिच्यात सिमेंट साठवायचं नाही. काम झालं की उरलेलं बाटलीत, एक घोट थिनर आतबाहेर, सुई वेगळी.

पातळ सिमेंटनं २४ ची सुईही तुंबत नाही, कारण त्यात विरघळलेलं प्लॅस्टिक नाहीच. उडून गेलं की मागे काही राहत नाही. टोक जोडाला टेकवून ठेवलं तरच धोका, तिथलं विरघळलेलं शीट सुईत ओढलं जातं. टोक टेकवायचं, थेंब सोडायचा, उचलायचं.

रविवार, ६ जुलै

पाऊस लागून राहिलाय. पंचगंगेचं पाणी किती फुटांवर याच्या बातम्या सुरू झाल्या. खिडकी उघडी ठेवली तर दमट हवा, बंद ठेवली तर थिनरचा वास कोंडतो. म्हणून थिनरची कामं गॅलरीतच आणि फक्त पावसाच्या उघडिपीत, असं ठरवलं.

आज पितळी कठड्यांसाठी सुपरग्लू. याचं तुंबणं सिमेंटच्या अगदी उलट आहे. सिमेंट सुकतं ते त्यातलं काही उडून गेल्यामुळे. सुपरग्लू घट्ट होतो तो बाहेरून ओल मिळाल्यामुळे. त्यातल्या सायनोॲक्रिलेट या रसायनाला हवेतल्या पाण्याचा अंश पुरतो. कोल्हापुरातल्या जुलैत तो मागेल तेवढा मिळतो.

सिमेंटवर चाललेले उपाय इथं जसेच्या तसे लावले आणि एकेक करून फसले. स्टीलची सुई बसवली तर तासाभरात बंद. इतक्या बारीक नळीत गोंद थोडा आणि भिंतीवरची ओल त्या मानानं भरपूर. एनसी थिनरनं कडक झालेला सुपरग्लू म्हणावा तसा सुटत नाही, शुद्ध ॲसिटोन लागतो आणि तोही तासन् तास. बाटलीच्या प्लॅस्टिकच्या चोचीत तार घालून ढकलली, तर कडक तुकडा बाटलीत पडला आणि पुढच्या थेंबाबरोबर पुन्हा चोचीत येऊन बसला. चोच कापली की काम होतं, पण ती निमुळती असल्यानं दर कापण्यागणिक भोक मोठं होत जातं. माझ्या बाटलीतून आता थेंब नाही, आवंढा येतो.

चोच पुसायला कापसाचा बोळा घेतला होता. त्यावर गोंद थोडा जास्त सांडला. बोळा बोटांत गरम झाला, मग धूर, डोळ्यांत झोंबणारा. कापूस आणि सुपरग्लू एकत्र आले की उष्णता सुटते, भाजण्याइतकी. सुती फडकंही नको. चोच पुसायची तर पॉलिथिनच्या पिशवीच्या तुकड्यानं. पॉलिथिनला हा गोंद नीट धरत नाही, त्याच्या बाटल्याही त्याच कारणानं तसल्या प्लॅस्टिकच्या असतात.

आणि फटी भरायला खायचा सोडा वापरत असाल तर तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. सोड्यानं सुपरग्लू क्षणात दगड होतो. बोटावरची चिमूटभर भुकटी चोचीला लागली तरी चोच गेली.

शनिवार, १२ जुलै

सुपरग्लूच्या बाटलीला सुई लावायचा नाद सोडला. हे आधीच करायला हवं होतं असं आता कुणीही म्हणेल.

जाड शिवणाची सुई घेतली, दाभणापेक्षा लहान, नेढं लांबट असलेली. नेढ्याचं वरचं टोक ग्राइंडरवर हलकेच घासून उघडलं, की दोन शिंगांची चिमुकली बेचकी तयार होते. सुईचं टोकदार अंग जुन्या ब्रशच्या दांड्यात खुपसलं. बाटलीतून एक थेंब बरणीच्या पॉलिथिनच्या झाकणावर सोडायचा, बाटली लगेच बंद. बेचकी थेंबात बुडवली की शिंगांमध्ये गोंद भरतो आणि जोडाला टेकवला की उतरतो. कठड्याच्या एका खांबाला पुरेल नेमका एवढाच. बारीक आणि जाड सुईच्या दोन वेगळ्या बेचक्या केल्या की थेंबही दोन मापांचे मिळतात.

बेचकीवर कवच चढतं. तिला लायटरवर धरायला हरकत नाही, कारण इथं ना बाटली आहे ना नळी. पण बाटली आणि थिनर आधी दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी, तोंड बाजूला. धूर डोळ्यांतून पाणी काढतो. थंड झाल्यावर ब्लेडनं खरवडली की पुन्हा नवी.

बाटली ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाला बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. त्यातली निळ्या दाण्यांची पुडी बरी, ओल प्यायली की दाणे गुलाबी होतात आणि बदलायची वेळ कळते. मंद आचेवर जुन्या तव्यात पुन्हा सुकवून घेता येतात, तो तवा परत स्वयंपाकाला घ्यायचा नाही. डबा फ्रिजमध्ये ठेवला तर गोंद आणखी टिकतो. आमच्याकडे आईनं "जेवणाच्या शेजारी हे नको" म्हणून डबा बाहेर काढला, त्यामुळे तो कपाटात आहे. तुमच्याकडे परवानगी मिळाली तर एवढंच पाळा, फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बाटली उघडायची नाही. थंड बाटलीत आपल्या पावसाळ्याची हवा शिरली की आत दव धरतं, आणि मग चोच सोडा, सगळी बाटलीच जाते.

रविवार, २० जुलै

बाग. पांढऱ्या गोंदाच्या सुईवाल्या बाटलीच्या टोकात बूच म्हणून टाचणी ठेवलेली होती. टाचणी काढली तर गंजलेली, आणि पहिल्या धारेबरोबर तपकिरी पाणी आलं, पोर्चच्या पायऱ्यांवर डाग पडले. पाण्यात कालवलेला गोंद आणि साधं लोखंड, गंजणारच. रंगाखाली झाकलं जाईल म्हणून सोडून दिलं.

हिच्यासाठी थिनर नाही. सुई कोमट पाण्यात तासभर, बूच रबरासारखं मऊ होतं, मग तारेनं आख्खं ओढून निघतं. पूर्ण विरघळायची वाट पाहू नये, जुनं बूच तसं विरघळतच नाही. सुई १८ गेजची घेतली, गुलाबी बुडाची. पातळ सुईचा इथं उपयोग नाही.

तरी पुन्हा अडलं. या वेळी टोक स्वच्छ, पण आत साय. बाटलीच्या गळ्याशी सुकलेला पापुद्रा दाबताना तुटून आत पडतो आणि सुईच्या मागच्या तोंडावर आडवा बसतो. टोकाकडून कितीही टोचलं तरी तो नुसता मागे सरकतो. गोंद थोडं पाणी घालून चहाच्या जुन्या गाळणीतून गाळला, बाटली धुतली, पुन्हा भरला. तेव्हापासून तक्रार नाही.

टोकाला आता बूच म्हणून ती वायरकटची पितळी तार, दुमडून दुहेरी केलेली. पितळ गंजत नाही, हिरवट पडतं तेही सावकाश, आणि बाग हिरवीच आहे. खिशातून आणलेलं स्क्रॅप लागलं एकदाचं कामाला.

रविवार, १० ऑगस्ट

दोन्ही निमुळती छपरं बसली. मधे एक आठवडा कामाला हात लावता आला नाही, त्या आधी सुया काढून थिनरमध्ये ठेवल्या होत्या. आज बसवल्या आणि लगेच काम सुरू.

खर्च: थिनर शंभराच्या आसपास, सतारीची तार, सिरिंजा आणि सुया मिळून त्याहून कमी, बाकी घरातलं आणि कंपनीच्या स्क्रॅपमधलं. वाया गेलं ते एक भिंत, एक टोपी आणि सुपरग्लूची एक बाटली. वेळ सगळ्यात जास्त गेला तो तापवलेल्या सुईची काजळी काढण्यात.

सुया बुडवायच्या बाटलीत तळाला राखाडी गाळ साठला होता, सुयांमधून निघालेलं पॉलिस्टायरीन. थिनर मोरीत ओतायचा नाही, तो नदीतच जातो. वरचा निवळलेला थिनर दुसऱ्या बाटलीत काढून घेतला, तो पुन्हा चालतो. खालच्या गाळात शीटचे कापलेले तुकडे टाकून दोन दिवस ठेवले तर मधासारखी लापशी झाली. डाव्या मनोऱ्याच्या छपराखाली जी फट राहिली होती ती याच लापशीनं भरली. सुकताना ती आक्रसते, म्हणून दोन थरांत भरायची. पहिला थर आज दिलाय, दुसरा पुढच्या रविवारी, मग पॉलिश पेपर.

गाळ काजळीमुळे राखाडी आहे. छपराचा रंग चढल्यावर ते दिसणार नाही.